कुलपाचं चित्र आणि तांदळाच्या मुठी

माझ्या शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हर कधी लागलं नाही. आमच्या घरी उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. आई त्यांचीच कव्हरं घालून द्यायची. गणिताला गुलाबी, मराठीला पिवळं. आत बेरीज-वजाबाकी आणि बाहेर 'नागरिक बंधू-भगिनींनो, जागे व्हा'. मी अक्षरं ओळखायला लागले ती या कव्हरांवरून. छापलेल्या शब्दांनी माणसं जागी होतात यावर तेव्हा जो विश्वास बसला, तो अजून उठलेला नाही. गेल्या डिसेंबरात नाशिकला आणि तिथून पेठच्या डोंगरात जाऊन आले, तेव्हा मात्र तो चांगलाच हलला. ती हकीकत लिहायला बसले आहे.

आई गेली आणि माझं नाशिक सुटलं. आता मी सोलापूरला असते. तिथेच एका दुपारी रोहिणीचा फोन आला. रोहिणी माझी पंचवटीतली बालमैत्रीण, आता पेठच्या पलीकडे एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पाड्याचं नाव मी लिहीत नाही आणि रोहिणीचं खरं नाव रोहिणी नाही. तिला अजून नोकरी करायची आहे.

"मुक्ते, पट कमी म्हणून शाळा बंद करायला निघालेत," ती म्हणाली. "पोरांनी नदी ओलांडून पलीकडच्या गावात जायचं म्हणे. गुरुवारी ग्रामसभा आहे. शाळा इथंच ठेवा असा ठराव झाला तर वर काहीतरी मांडता येईल. मला स्वतःला बोलता येत नाही. तू ये. पत्रक लिही, भिंत रंगव, काहीही कर. सभेला माणसं आली पाहिजेत, बायका तर आल्याच पाहिजेत."

पोरं कमी आहेत म्हणून शाळा बंद करायची. म्हणजे आहेत त्या पोरांनी काय करायचं, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

रविवार, नाशिक

कुसुममावशी स्टँडवर घ्यायला आली होती. ती आईची मैत्रीण, स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यातली भागीदार आणि मोर्चातली जोडीदार. वय झालंय, पण चालताना अजूनही माझ्या दोन पावलं पुढे. घरी न जाता तिने मला सरळ मिसळीवर बसवलं.

"सोलापूरला मिळते का गं मिसळ?"

"मिळते की. पण तिथं पापड देत नाहीत."

"मग ती मिसळ नव्हेच," असं म्हणून तिने माझ्या ताटलीतला पापड स्वतःच मोडून रश्श्यात टाकला. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी मला आवडायला लागली आहे, हे तिच्यासमोर बोलायची माझी छाती झाली नाही.

मिसळीनंतर आम्ही आमच्या जुन्या गल्लीत गेलो. मला एक भिंत बघायची होती. मी पाच-सहा वर्षांची असताना गल्लीच्या तोंडाशी असलेला सार्वजनिक नळ काढून टाकायचं ठरलं होतं. तेव्हा आईने आणि कुसुममावशीने ही लांबलचक कंपाऊंडची भिंत रंगवली होती. चुन्यात कपड्याची नीळ कालवून केलेला तो निळा रंग. त्या निळ्यासारखा निळा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. उन्हातून घरी येताना ती भिंत दिसली की तहान लागायची.

आता त्या भिंतीवर फ्लेमिंगो आहेत. गुलाबी, उंच, एका पायावर उभे. शहर सुंदर करायच्या कुठल्याशा योजनेत काढलेले. चित्र वाईट नाही. पण त्याच्याकडे बघून कुणाला काही करावंसं वाटेल असंही त्यात काही नाही. लोक बघत होते आणि पुढे जात होते. एक जोडपं फोटो काढत होतं.

"मावशी, आपण तेव्हा काय लिहिलं होतं गं भिंतीवर? घोषणा काय होती?"

"नाही बाई आठवत."

"असं कसं? आईने लिहिलेली असणार."

"असेल. मला निळं आठवतं. आणि गल्लीतल्या सगळ्यांनी चुन्यात हात बुडवून त्यावर पंजे उठवले होते ते आठवतं. तुला मी कडेवर घेऊन तुझा हात टेकवला होता, आणि तू चुना चाटलास. रात्रभर रडत होतीस. नळ राहिला आपला."

शब्द कुणालाच आठवत नव्हते. मला ते लागलं. लिहिणाऱ्या माणसाला ते लागणारच.

घरी तिने आईचे ब्रश जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिले. मी लाल, काळा आणि थोडा पांढरा डिस्टेंपर विकत आणला होता, तो बघून म्हणाली, "लाल कशाला?"

"आईची सगळी पत्रकं लाल शाईत असायची."

"प्रेसवाल्याकडे लग्नपत्रिकांची लाल शाई उरायची, ती तो फुकट द्यायचा. म्हणून लाल."

मी हसले, पण लालच घेऊन गेले. लाल रंग दिसला की माणूस पेटून उठतो, हे मी लहानपणापासून धरून चालले होते. एका फुकटच्या शाईच्या डब्याने ते कसं बदलेल?

सोमवार, सावळ घाटाच्या पलीकडे

नाशिकच्या बाहेर पेठ रस्त्याला लागलं की आधी भाजीचे आणि शेवंतीचे मळे लागतात. पुढे घाट चढला की ते मागे पडतात आणि जमीन वर-खाली व्हायला लागते. भात कापून झालेली खाचरं, कडेला नागलीची, म्हणजे नाचणीची, तुसं, आणि उतारावर चार-पाच घरांचे पुंजके. ही घरं कारवीच्या कुडाची, बाहेरून शेणा-मातीने लिंपलेली आणि वर गेरू दिलेला. दुपारच्या उन्हात तो गेरू असा दिसतो की सगळा डोंगरच कुणीतरी सारवलाय.

त्या तांबूस घरांमध्ये रोहिणीची शाळा लांबून ओळखू येते, कारण ती एकटीच पिवळी आहे. सरकारी पिवळी. दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि समोर ओढ्याच्या पलीकडे उतारावर पाडा. पाड्यातल्या प्रत्येक दारातून व्हरांड्याची भिंत दिसते. मी मनात म्हटलं, अशी भिंत मिळायला नशीब लागतं.

रोहिणीने नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. भाकरी काळपट, मऊ, तोंडात गोडसर विरघळणारी. जेवता जेवता ती पाड्याची अडचण सांगत होती. भात घरात आलं की निम्मी घरं मळ्यांवर कामाला जातात. नाशिकच्या बाजूला द्राक्षाची, भाजीची कामं असतात. मुलंही बरोबर जातात आणि शाळा सुटते. यंदा यमुना नावाच्या एका बाईने पहिल्यांदा मागे राहायचं ठरवलं होतं. तिची सोनी तिसरीत होती, वाचायला लागली होती. नवरा एकटा जायला तयार झाला होता.

"ती राहणार म्हणून आणखी चार बायका राहायला तयार झाल्या," रोहिणी म्हणाली. "शुक्रवारी मळ्याची जीप येते न्यायला. शाळेचं काही खरं नाही असं त्यांना वाटलं तर पोरांना घेऊन सगळ्या बसतील जीपमध्ये. मग गुरुवारी ठराव झाला काय आणि नाही झाला काय. शाळेत पोरंच नसतील."

दुपारी मी कामाला लागले. माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं. लाल वर्तुळात एक मोठं काळं कुलूप आणि ते फोडणारी वर उठलेली लाल मूठ. खाली माझी ओळ: 'शाळेला कुलूप म्हणजे उद्याला कुलूप'. कुलूप फार चांगलं उतरलं. कडीवर मी पांढरी चमकसुद्धा दिली. मूठ काढायला घेतली तोवर दिवस मावळला आणि डोंगरात तो एकदम मावळतो. मूठ उद्या पुरी करू म्हणून ब्रश धुतले.

मंगळवार

सकाळी प्रार्थनेची घंटा झाली. कुणी आलं नाही. रोहिणीने पुन्हा घंटा दिली. ओढ्यापलीकडे बकऱ्यांमागे पोरं दिसत होती, त्यात तिची अख्खी तिसरी होती.

रोहिणी भिंतीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "चल," एवढंच म्हणाली आणि ओढ्यात उतरली.

यमुना दारात गोधड्या बांधत होती. तिच्याजवळ बायजाआजी बसली होती. पाड्यात लग्नकार्यात शब्द हिचाच चालतो. रोहिणीने विचारलं, "सोनी कुठंय? शाळेत का नाही आली?"

"शाळंला कुलूप लागलं ना बाई," यमुना म्हणाली. "सोनीचा बा म्हनला, आता कसाला ऱ्हायाचं. समदीच जाऊ."

"अगं, ते चित्र आहे. ते कुलूप फोडायचं असं आहे त्यात."

"चित्र हाय ते दिसतंय आमाला. डोळे हायेत." बायजाआजीने मधेच तोंड घातलं. "गेल्या साली त्या भिंतीवर पोरांच्या डोसाचं चित्र काडलं. मंग डोस आला. त्याच्या आदी संडासाचं काडलं. मंग संडास आलं. आता कुलूप काडलंय."

मी म्हणाले, "आजी, ते सरकारने नाही, मी काढलंय."

आजीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "भिंत कोनाची हाय?"

"सरकारची."

"मंग?"

त्या भिंतीवर आजपर्यंत जे जे काढलं गेलं, ते ते या बायकांना न विचारता त्यांच्याकडे चालत आलं होतं. चित्र म्हणजे येऊ घातलेल्या गोष्टीची बातमी. माझं कुलूपही त्यांनी तसंच वाचलं, आणि मी ते चमकेसकट काढून दिलं होतं. घाबरलेला माणूस लढतो असं आम्ही पत्रकांत लिहितो. घाबरलेला माणूस आधी गोधड्या बांधतो, हे मी तिथे पाहिलं.

रोहिणी ओसरीवर बसून राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तापलेला. "मी वर्षभर दारोदार फिरले यांच्या. तू एका दुपारी..." यमुनाने चुलीवर कोरा चहा ठेवला. बाईंना रडताना तिने बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असावं.

चहा घ्यायला आम्ही आत गेलो. अंधाराला डोळे सरावले तेव्हा कोपऱ्यातली भाताची कणगी दिसली, माणसापेक्षा उंच. गेरूने सारवलेली आणि त्यावर पांढऱ्या खुणांच्या रांगा. जवळ जाऊन पाहिलं. मिटलेल्या मुठी होत्या. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून टेकवलेली. मी काल ज्या मुठीसाठी लाल रंग घोटत होते, तशी मूठ इथे आधीपासून होती. फक्त ती कुणावर उगारलेली नव्हती.

"हे कशासाठी?"

"नवं भात घरात आलं का मुठी देत्यात," यमुना म्हणाली. "घर भरल्यालं ऱ्हावं म्हनून. ज्याचं भात त्याची मूठ."

रोहिणीने कप खाली ठेवला. "यमुना, शाळेच्या भिंतीवर देशील?"

यमुना हसायला लागली. "शाळंत कुठं भात हाय?"

"खिचडीचे तांदूळ आहेत की कोठीत."

"ते सरकारचे. त्याची मूठ चालत नाय." मग ती दारातल्या गोधड्यांकडे वळली. एक गाठ हातात धरून म्हणाली, "घरनं न्यावं लागंल."

बायजाआजी दारातून म्हणाली, "शाळा काय कनगी हाय, मुठी द्यायाला?"

"पोरां ठेवतो का नाय आमी तिच्यात," यमुनाने उलट विचारलं. "मंग कनगीच झाली."

आजी पुटपुटत निघून गेली. ती रागावली की काय, हे आम्हाला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी तिने सुनेच्या हाती गेरूची पाटी पाठवून दिली. निरोप होता: पिवळ्यावर मुठी दिसायच्या नाहीत, आधी सारवा.

बुधवार

सकाळी खराट्याने कुलूप खरवडलं. डिस्टेंपर निघता निघेना. चमक सगळ्यात शेवटी गेली. मग शेणात गेरू कालवून बायकांनी भिंत सारवली. मीही सारवलं, पण माझे पट्टे ओळखू येतात असं म्हणून त्या खिदळत होत्या. एकीने तर माझ्या पट्ट्यावरून पुन्हा हात फिरवला.

भिंत तांबूस झाली तसं काहीतरी बदललं. मी ओढ्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. कालपर्यंत तिथून शाळा वेगळी, परकी दिसायची. आता ती उतारावरच्या घरांतलंच एक घर दिसत होती, जरा मोठं. रंगाने माणूस पेटतो की नाही हे मला आता सांगता येणार नाही. आपलं काय आणि परकं काय, हे मात्र रंग शब्दांच्या आधी सांगतो. आमच्या गल्लीतली नीळही अशीच प्रत्येक घराच्या बादलीतली होती. ती भिंत लांबून पाण्यासारखी दिसायची आणि जवळून घरच्या धुण्यासारखी. आईला हे कळलं होतं की हाताशी होतं ते तिने वापरलं, हे विचारायला ती आता नाही.

दुपारी घराघरातून वाटीवाटीने नवे तांदूळ आले. भिजवले, पाट्यावर वाटले. पहिली मूठ यमुनाने दिली, दारालगत. मग एकेक. मुलांच्या मुठी खाली, बायकांच्या वर. दोन-तीन पुरुष कट्ट्यावर बिड्या ओढत बसले होते. त्यांना बायजाआजी म्हणाली, "तुमची पोरां आभाळातून पडली का?" मग तेही उठले. यमुनाचा नवराही उठला. त्याची मूठ फार जोरात लागली, पांढरा ओघळ खाली आला. यमुनाने तो बोटाने पुसला.

शेवटी मी हातावरची बांगडी मागे सारली आणि मूठ वळली.

"तुजी नको," यमुना म्हणाली. आवाजात राग नव्हता. पोराला आगीजवळून मागे ओढावं तसं म्हणाली. "तू जानार. ऱ्हानार त्याची मूठ."

मी हात खाली घेतला. मला वाईट वाटलं, आणि ती बरोबर आहे हेही त्याच क्षणी कळलं. मी विचारलं, "मग खाली एखादी ओळ लिहू का?"

"वाचनार कोन?" असं म्हणून ती हसली, आणि मग सोनीकडे बघून म्हणाली, "ही वाचंल म्हना. पन हिला म्हाईत हाय."

गुरुवार

ग्रामसभा शाळेच्याच व्हरांड्यात भरते. ग्रामसेवक आले, खुर्ची भिंतीला लावून बसायला गेले.

"पाठ नको लावू, वल्लं हाय," बायजाआजी म्हणाली.

ते दचकून पुढे सरकले. मागे वळून पाहिलं आणि भिंत निरखत राहिले. पुढे सरकल्यामुळे त्यांची खुर्ची बायकांच्या अगदी मधोमध आली. व्हरांडा भरला होता. रोहिणी वर्गात उगाच खडू आवरत होती, कान बाहेर.

"विषय शाळेच्या समायोजनाचा," ग्रामसेवकांनी वाचलं. "कुणाला काही म्हणायचंय?"

यमुना उठली, पदर सारखा केला. "शाळा हितंच पायजे. आमी मुठी दिल्यात."

"त्या दिसतायत हो. पण ठरावात काय लिहू? मुठी दिल्या असं तर लिहिता येत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मात्र माझे शब्द उपयोगी पडले. आदल्या रात्री चुलीपाशी बसून मी मसुदा केला होता. त्यात एकही घोषणा नव्हती. नदीला पावसात किती पाणी असतं, लहान पोरं पलीकडे कशी जाणार, कुठली घरं यंदा मागे राहणार आणि का. ग्रामसेवकांनी तो वाचून दाखवला. बायकांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. ठराव झाला. अंगठे उठले. बऱ्याच अंगठ्यांवर अजून गेरू होता.

शुक्रवारी सकाळी जीप आली. यमुनाचा नवरा आणि आणखी काही पुरुष गेले. यमुनाची गोधडी ओसरीवर सुटी पडली होती, सोनी तिच्यावर बसून पाढे म्हणत होती. मीही त्याच जीपने नाशिकला निघाले. वळणावरून मागे पाहिलं तर पांढऱ्या मुठी लांबून भाताच्या लोंब्यांसारख्या दिसत होत्या.

शाळेचं अजून काही ठरलेलं नाही. हे वाचून कुणाला सगळं छान झालं असं वाटू नये म्हणून सांगते. ठराव तालुक्याला गेला आहे आणि शाळा चालू आहे, एवढंच आज सांगता येतं. परवा रोहिणीचा फोन होता. एक साहेब पाहणीला आले होते. त्यांनी विचारलं, ही भिंत परवानगीशिवाय कुणी रंगवली? रोहिणी काही बोलायच्या आत पोरं भिंतीला जाऊन भिडली आणि एकेकीवर बोट ठेवून सांगायला लागली, ही माझ्या आईची, ही आजीची, ही माझी, हिच्या बाबाची ओघळलेली. साहेब सगळ्या मुठी संपेपर्यंत उभे राहिले.

परतीच्या वाटेवर नाशिकला कुसुममावशीला घेऊन मी पुन्हा त्या गल्लीत गेले होते. फ्लेमिंगोंच्या पायाशी, दुधाच्या बूथच्या मागे, खालच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटला होता. मी उकिडवी बसले. गुलाबीच्या खाली कसलातरी हिरवा थर, त्याच्या खाली पांढरा आणि त्याच्या खाली निळा. नखाएवढा. तोच.

"खरवडू नकोस," मावशी म्हणाली.

खरवडलं नाही. त्यावर हात टेकवून बसून राहिले. भिंत गार होती. बूथवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"ताई, काय पडलं का तुमचं?"

"नाही."

"मग? कुठल्या तुम्ही?"

"इथलीच," मी म्हणाले.

त्याला ते पटलं नसावं. तो मावशीकडे बघायला लागला.

"इथलीच आहे," मावशी म्हणाली. "ही भिंत चाटून बघितलीय तिनं."